नोटीस न देता रिसॉर्टची नोकरी सोडताना

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात बरीच माणसं नोकरी सोडतात ती गणपतीत. चार दिवसांची सुट्टी टाकायची, गावी जायचं आणि परत फिरकायचंच नाही. मागे शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतो, "गणपतीक गेलो तो इलोच नाय." सोडण्याची ही सगळ्यांत सोपी पद्धत, आणि नंतर सगळ्यांत महाग पडणारीही. मागचा पगार अडकतो, पीएफला बाहेर पडल्याची तारीख लागत नाही, आणि गल्ल्यात काही कमी निघालं तर बोट गेलेल्याकडेच जातं.

मी रिसॉर्टचं फ्रंट ऑफिस सोडलं तेही नोटीस न देताच. पगार थकवणारा आणि पाहुण्यांसमोर आईबहिणीवरून बोलणारा मालक असेल तर त्याला महिनाभर आधी सांगण्यात काही अर्थ नसतो. तो महिना आणखी वाईट जातो, एवढंच. पण नोटीस टाळली तरी हिशोब टाळता येत नाही. ही प्रक्रिया निम्मी त्यावरच चालते.

आधी भीतीचं बघू. "पोलिसात देईन" हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. नोटीस न देता काम सोडणं हा गुन्हा नाही. नोटीस ही नेमणूकपत्रातली अट. ती मोडली तर फार तर भरपाईचा प्रश्न येतो. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, 1963 नुसार अशा वैयक्तिक सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही, म्हणजे कोर्टही तुम्हाला परत काउंटरवर उभं करू शकत नाही. नेमणूकपत्रच दिलेलं नसेल तर नोटिशीचं कलम दाखवायचं कुठून, हा मालकाचा प्रश्न. गुन्हा होतो तो पैसे किंवा माल घेऊन गेल्यास. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये नोकराने केलेला विश्वासघात वेगळा नमूद आहे. खोटी तक्रार करायची झाली तरी ती याच वाटेने येते, म्हणून हीच वाट आधी बंद करायची.

छोट्या रिसॉर्टमध्ये ही गुंतागुंत मोठ्या हॉटेलपेक्षा जास्त असते, कारण अर्धा धंदा नोकराच्या मोबाइलवर चालतो. पाहुण्यांचा ॲडव्हान्स आपल्या यूपीआयवर, बुकिंगचं व्हॉट्सॲप आपल्या सिमवर, गुगलवरचं रिसॉर्टचं पान आपल्या जीमेलवर, परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवायच्या पोर्टलचं लॉगिनही आपल्याच नंबरवर. गुगल बिझनेस प्रोफाइलवर मालकाचा मेल आयडी निदान आठवडाभर आधी ओनर म्हणून जोडावा. नवीन ओनरला पहिले सात दिवस सगळे हक्क मिळत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवशी जोडला तर पान आपल्याच गळ्यात राहतं. व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन काढून टाकावा. तो ठाऊक नसेल तर पुढच्या माणसाला सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मे महिन्यातली बुकिंगं गेली की "मुद्दाम केलं" हा आरोप तयार. सिम आपल्या नावावर असेल तर ते देऊ नये. ॲपमधल्या "चेंज नंबर"ने खातं मालकाच्या नंबरवर न्यावं.

यूपीआयचा हिशोब मात्र शांतपणे बसून करावा. बँकेचं तीन-चार महिन्यांचं स्टेटमेंट काढायचं, पाहुण्याकडून आलेल्या प्रत्येक रकमेवर पेनाने खूण करायची, शेजारी रजिस्टरमधला बुकिंग नंबर आणि ती रक्कम मालकाला कधी, कशी दिली ते लिहायचं. जिथे रोख दिली आणि सही नाही, तिथे त्या दिवशीचा व्हॉट्सॲप मेसेज शोधायचा. पुढच्या तारखांचे ॲडव्हान्स हातात असतील तर ते निघायच्या दिवशी ट्रान्स्फर करून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. पगार थकलाय म्हणून ते पैसे "वळते" करून घ्यायचा मोह होतो. करू नये. थकलेला पगार मागायची जागा वेगळी आहे, आणि पाहुण्याचा पैसा धरून ठेवला की आपली बाजू तिथेच पडते.

मग एक साधा कागद, दोन प्रतींत. माझ्या कागदाचा मसुदा साधारण असा होता: "आज दुपारी तीन वाजता खालील वस्तू सुपूर्द केल्या: मुख्य किल्ल्यांचा जुडगा, खोल्यांच्या किल्ल्या (क्रमांकानुसार), गल्ल्यातील रोख (नोटांच्या तपशिलासह), कार्ड मशीन, बुकिंग रजिस्टर शेवटच्या नोंदीपर्यंत, गणवेश दोन जोड." खाली घेणाऱ्याची सही. मालक सही करत नसेल तर सुपरवायझरची, तोही घाबरत असेल तर वस्तू काउंटरवर मांडून तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ. हे दिवसाढवळ्या करावं, चेकआउटनंतरच्या सामसुमीत. रात्री गुपचूप बॅग घेऊन निघालेल्या माणसाचं कोणी ऐकून घेत नाही. स्टाफ रूममधलं आपलं सामान मात्र आदल्या एक-दोन दिवसांत हळूहळू बाहेर गेलेलं बरं. देवबागसारख्या चिंचोळ्या टोकावरून मालवणला जायला एकच रस्ता, आणि रिक्षावालाही शेठच्या ओळखीचा.

दिवस निवडताना पगाराची तारीख बघावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा असतो. तो खात्यात पडला की 8-9 तारीख उत्तम. मागे अडकतात ते थोडेच दिवस.

राजीनामा त्याच दिवशी जायला हवा. ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही, पोच मिळेल अशा पद्धतीने. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर रजिस्ट्रेशन आणि पोचपावती वेगळी मागून घ्यावी. पत्रात कारणांचा पाढा नको. "आजपासून राजीनामा देत आहे, किल्ल्या व रोख अमुक वेळी सुपूर्द केली, अंतिम हिशोब व अनुभवपत्र द्यावे," बस्स. पत्र गेलं नाही तर कागदोपत्री तुम्ही विनापरवाना गैरहजर ठरता, आणि पुढचा मालक चौकशी करतो तेव्हा हाच शेरा ऐकवला जातो.

आता पैसे. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यानुसार राजीनामा दिलेल्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि एका पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याहून जास्त कापता येत नाहीत. नोटिशीचे पैसे कापायचे तर नेमणूकपत्रात ते मूळ पगारावर लिहिलेत की एकूण पगारावर, हे वाचावं. समजा एकूण 20,000, मूळ 13,000, नोटीस एक महिन्याची मूळ पगारावर, आणि 8 तारखेला काम सोडलं. आठ दिवसांचे 5,333. शिल्लक भरपगारी रजा 12 दिवस, मूळ पगाराने 5,200. येणं 10,533, देणं 13,000, फरक 2,467. मालक सांगतो मात्र "वीस हजार भर". वर 18 टक्के जीएसटी लावणारेही भेटतात. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी नाही, हे खात्याने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी, आणि नोटीस दिली नाही एवढ्यावरून ती बुडत नाही.

पीएफचं पासबुक मात्र निघण्याआधीच बघावं. 9966044425 वर रजिस्टर नंबरवरून मिस्ड कॉल दिला की शिल्लक आणि शेवटचा हप्ता कळतो. पगाराच्या स्लिपवर कापलेला आणि खात्यात न भरलेला महिना इथेच सापडतो. त्या स्लिपा जपून ठेवाव्या. बाहेर पडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तरी अडत नाही. शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने थांबून पीएफच्या पोर्टलवर "मॅनेज"मध्ये "मार्क एग्झिट" उघडायचं, खातं निवडायचं, तारीख आणि कारण भरायचं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच टाकावी आणि नवीन नोकरीच्या तारखेवर चढू देऊ नये, नाहीतर ट्रान्स्फर अडकतं. एकदा भरलेली तारीख तिथे परत बदलता येत नाही. पाच वर्षांच्या आत 50,000 किंवा जास्त काढले तर टीडीएस कापला जातो. त्यापेक्षा ट्रान्स्फर बरं.

सही केलेला कोरा चेक घेऊन ठेवणारे मालक आपल्याकडे कमी नाहीत. चेक नंबर लिहून "हा फक्त हमी म्हणून दिला होता, माझ्याकडून काही येणं नाही, परत करावा" असं पत्र राजीनाम्यासोबतच पाठवावं. नुसतं स्टॉप पेमेंट करून भागत नाही, त्यावरही चेक न वटल्याच्या कलम 138 ची नोटीस येऊ शकते. ती आली तर 15 दिवसांच्या आत वकील गाठायचा. मूळ मार्कशीट अडकवली असेल तर लेखी मागावी, न मिळाल्यास दुय्यम प्रत काढावी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीतच आहे.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर कामगार कार्यालय. सिंधुदुर्गात त्यासाठी ओरोस गाठावं लागतं. जाताना राजीनाम्याची पोच, सुपूर्द कागद, स्लिपा आणि बँक स्टेटमेंट यांचे दोन-दोन झेरॉक्स संच न्यावे, आणि एका प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, घाई मालकाला असते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन 15100. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. घरी मात्र सगळ्यात आधी सांगून ठेवावं, कारण राजीनामा पोचायच्या आत शेठचा फोन वडिलांना गेलेला असतो.