सातवं खातं अडलं

विकीवर मराठी शिकणाऱ्यांचा गट जमवायचा विचार असेल, तर आधी एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा : सहा. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळखक्रमांकावरून, २४ तासांत ६ नवी खाती उघडता येतात, सातवं अडतं. विकिपीडिया, विक्शनरी, विकिबुक्स, विकिमीडियाच्या सगळ्या विकींवर नेहमीची मर्यादा हीच. मी धडे आखले, साचे केले, शब्दांच्या याद्या केल्या, आणि हा आकडा मला कळला तो २२ जण हॉलमध्ये फोन काढून बसल्यावर.

कारण साधं आहे. हॉलला वायफाय एकच, राउटर एकच, त्यामुळे आतले २२ फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. ढिगाने खोटी खाती उघडून धुडगूस घालणाऱ्यांना आवर घालायला हा नियम आहे आणि तो असायलाच हवा. पण समोर सोळा माणसं हात चोळत बसलेली असताना हे पटवून घेणं जड जातं.

अशा वेळी कुणीतरी लगेच म्हणतं, ‘मोबाइल डेटा लावा की!’ लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटतात. त्या पत्त्याचा सहाचा वाटा भलत्याच लोकांनी आधीच संपवलेला असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या तरी उपद्रवामुळे पत्त्यांचा अख्खा पट्टा अडवलेला असतो आणि आपल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ‘तुम्हाला प्रतिबंध केला आहे’ अशा अर्थाची पाटी दिसते. बिचाऱ्याला वाटतं, मी काय केलं?

मर्यादा एका दिवसापुरती वाढवून मिळते. त्यासाठी फॅब्रिकेटरवर, म्हणजे विकिमीडियाच्या तांत्रिक तक्रारी-विनंत्यांच्या साइटवर, विनंती नोंदवायची : कोणता विकी, किती माणसं, कोणता आयपी पत्ता, कधीपासून कधीपर्यंत. निदान दोन आठवडे आधी नोंदवा, कारण ते काम माणसं हाताने करतात. यात हमखास तीन चुका होतात. पहिली, फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देणं. तो घरातल्या घरातला. बाहेरचा पत्ता हवा, आणि तो त्याच हॉलच्या वायफायवर बसून, पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर बघावा लागतो. दुसरी, वेळ. ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत द्यायची, आपल्या सकाळी दहाला तिथे साडेचार. तिसरी सगळ्यात चिडवणारी : पत्ता कायमचा नसेल तर राउटर बंद-चालू झाला की तो बदलतो. आदल्या रात्री वीज गेली की मिळालेली सवलत गेली पाण्यात. ‘स्टॅटिक आयपी आहे का?’ हा प्रश्न हॉलवाल्यांना भाडं ठरवतानाच विचारा.

एवढा खटाटोप नको असेल तर खाती घरूनच उघडायला सांगा, चार-पाच दिवस आधी, ज्याने त्याने आपापल्या जोडणीवरून. ईमेल देणं ऐच्छिक असतं, तरी द्यायला लावाच. ईमेल नसेल आणि पासवर्ड विसरला, तर ते खातं मेलं म्हणून समजा. खात्याचं नाव देवनागरीत चालतं, पण नुसतं ‘सई’ किंवा ‘अमित’ मिळेल ही आशा सोडा. वर्गाचं किंवा संस्थेचं नाव खात्याला देऊ नका, एक खातं चौघांत वाटून तर मुळीच नको; दोन्हींवर गदा येते. आणि वर्गात एखादा प्रचालक (विकीची देखरेख करणारा, जास्त अधिकारांचा सदस्य) किंवा खाती उघडून देण्याचा अधिकार असलेला सदस्य असेल, तर सगळंच सोपं. त्याला ही मर्यादा नाही. नाव नि ईमेल सांगा, तात्पुरता पासवर्ड मेलवर येतो. हे मला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं.

एकदा खातं झालं की तेच सगळ्या विकींवर चालतं. पुढचं फार अडत नाही. टंकायला संगणकावर कंट्रोल-एम दाबून अक्षरांतरण चालू करायचं, म्हणजे रोमन अक्षरं टंकली की देवनागरी उमटते. एक खोच मात्र आहे : ‘शेतकऱ्यांचा बाजार’ अशा पानाच्या नावातला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, विकीला वेगळे, त्यामुळे एकाच नावाची दोन पानं उभी राहतात. एकावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करून टाका, म्हणजे पहिलं उघडलं की वाचक आपोआप दुसऱ्यावर जातो.

सगळ्यांना एकाच पानावर लिहायला बसवू नका. दोघांनी एकच परिच्छेद उघडला की आधी जतन करणाऱ्याचं राहतं आणि दुसऱ्यासमोर दोन्ही मजकूर जुळवायचं संकट येतं. नवशिक्या तिथेच खिडकी बंद करून मोकळा होतो. प्रत्येकाला स्वतःची धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान द्या, तिथे आठ-दहा वाक्यं होऊ देत, मग धड्याच्या पानावर न्या.

विकीचा खरा उपयोग ‘इतिहास’ या टॅबमध्ये आहे, जिथे पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती राहते. हिंदीभाषक शिकणारा ‘मी भाजी आणला’ लिहितो. दुसरा कुणी ते ‘आणली’ करतो आणि बदलाच्या सारांशात लिहितो : ‘भाजी स्त्रीलिंगी, म्हणून आणली’. दोन आवृत्त्या शेजारी लावल्या की बदललेला शब्द रंगात उठून दिसतो, कारणासकट. तसंच ‘माझी पुस्तक’चं ‘माझं पुस्तक’ होतं, कारण हिंदीतलं स्त्रीलिंगी पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी. पण एका फेरीत एकाच जातीची चूक सुधारा, आज लिंग तर लिंगच. शुद्धलेखन, विभक्ती, विरामचिन्हं सगळं एका दमात दुरुस्त करणारे उत्साही मराठी मास्तर गटात असतातच. त्यांच्या हाताखालून गेलेलं पान रंगाने इतकं भरतं की शिकणाऱ्याला आपलं वाक्य सापडत नाही, आणि तो पुन्हा फिरकत नाही. त्यांना चर्चापानावर, म्हणजे पानाबद्दल बोलायच्या वेगळ्या पानावर बसवा.

चर्चापानावर सहीसाठी चार टिल्ड (~) लागतात. फोनच्या कीबोर्डवर ते चिन्ह दोन पडद्यांमागे दडलेलं असतं, म्हणून ‘उत्तर द्या’ बटणावरून लिहायला शिकवा. सही आपोआप पडते.