थांबता थांबता पेडल का कुरकुरतं?

जुलैपासून आमच्या गाडीला एक खोड लागली होती. ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला हलका ब्रेक लावत गाडी थांबत आली, की शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पेडल पायाखाली कुरकुरायचं. वेग ताशी दहाच्या आत, रस्ता कोरडा, तरी एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू झाल्यासारखं. आणि नेमकी तेव्हाच गाडी हातभर जास्त पुढे जायची.

गाडी बाबांची, २००९ची, फोर बाय फोर, म्हणजे लिव्हर टाकला की चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते अशी. महिन्यातून एकदा आम्ही मुरबाड करून माळशेज चढतो आणि ओतूरला जातो. भर पावसात तो घाट उतरताना ब्रेकवर शंका असणं मला चालणार नव्हतं.

ऑगस्टमध्ये एबीएसचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, उजव्या पुढच्या चाकाच्या बिघाडाचा कोड आला. "ताई, सेन्सर गेला," म्हणजे त्या चाकाचा वेग एबीएसला कळवणारा सेन्सर. नवीन टाकला, दिवा गेला. पंधरा दिवसांनी वाघबीळजवळ पुन्हा तीच कुरकुर आणि पुन्हा तोच दिवा.

शेजारचे काका तुर्भ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. त्यांना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, कोड कशाचा आलाय? सेन्सरचा की सर्किटचा?" कोड सर्किटचा होता. म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर, सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, यांतलं काहीही. ते न बघता सेन्सर बदलणं हा नुसता अंदाज होता, आणि त्याचे पैसे आम्ही भरले होते.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कामाला लागलो. आधी चारही टायर बघितले, कारण एका चाकाचा घेर वेगळा असला तरी वेगाचे आकडे जुळत नाहीत. ते ठीक होते. मग मागच्या चाकांना दगड लावले, लिव्हर टू-व्हीलवर, गिअर न्यूट्रल, पुढची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवली. लिव्हर फोर-व्हीलवर राहिला, तर पुढचं चाक हाताने नीट फिरत नाही, हे ध्यानात ठेवा.

आमच्या गाडीत जुन्या पद्धतीचे सेन्सर आहेत: आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, समोरून रिंगचे दाते फिरतात आणि स्वतःच वीज तयार होते. नव्या गाड्यांतल्या सेन्सरला बाहेरून पुरवठा लागतो, त्यांना ओहमची, म्हणजे वेटोळ्याचा विद्युत रोध मोजायची, तपासणी लावू नका. मी कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. डावा १.१ किलोओहम, उजवाही १.१. मला वाटलं, झालं, सेन्सर चांगलाच आहे. काका म्हणाले, "ओहमवर समाधान मानू नकोस. मीटर एसी व्होल्टवर घे आणि चाक फिरव."

सेकंदाला साधारण एक फेरी या वेगाने डावं चाक फिरवलं, ०.४ व्होल्ट. उजवं तितक्याच वेगाने, जेमतेम ०.०९. वायर हलवून, वाकवून बघितली, आकडा तसाच.

इथे मला ती कुरकुर कळली. या सेन्सरचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो. उजवीकडचा सिग्नल आधीच कमजोर, त्यामुळे गाडी मंदावली की तो आधी नाहीसा व्हायचा. कॉम्प्युटरला वाटायचं, उजवं चाक जाम झालंय, म्हणून तो त्या चाकाचा ब्रेक सैल करायचा. चाक बिचारं फिरतच असायचं.

सिग्नल कमजोर का, तर दाते आणि सेन्सरमधलं अंतर. काकांनी पितळी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, दिला, पोलादी पाती चुंबकाला चिकटते. डावीकडे ०.८ मिलिमीटर, उजवीकडे १.६. बोल्ट काढून सेन्सर सोडवला. तो ज्या बिडाच्या भागात बसतो, ज्याला गॅरेजवाले नकल म्हणतात, त्याच्या बैठकीवर गंजाचा जाड पापुद्रा चढला होता. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा चिखल. नवा सेन्सर त्याच गंजावर कसला होता, त्यामुळे त्याचं तोंड रिंगपासून दूर. दात्यांमध्येही गंज आणि लोखंडी चुरा भरला होता.

पॉलिश पेपरने बैठक चकचकीत होईपर्यंत घासली. भोकात गंजाची पूड पडू नये म्हणून आधी कापडाचा बोळा खुपसला, आणि आठवणीने काढला. दाते पितळी ब्रशने साफ केले, एकेक मोजले, तडा कुठे नाही ना तेही बघितलं. परत बसवल्यावर अंतर ०.९, व्होल्ट ०.३६. डावीकडचीही बैठक लगेच साफ करून घेतली, तिथेही सुरुवात झालीच होती.

घोड्यांवरून उतरवून कोड पुसले. कापूरबावडीपर्यंत गेले, पाच सिग्नलला मुद्दाम हळू थांबले. पेडल शांत. त्यानंतर दोनदा माळशेज झाला.

गॅरेजवाल्याने काढलेला जुना सेन्सर डिकीत पिशवीत पडला होता. त्याच रविवारी संध्याकाळी तोही मीटरवर धरला. १.१ किलोओहम. पुसून, कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय.