दूर देशी राहून बेटाचे गाणे

आजची सुटी तेओफिलो शांत्र यांची गाणी ऐकण्यात गेली. पश्चिम आफ्रिकेसमोरच्या केप व्हर्दे या दहा बेटांच्या देशात १९६४ साली जन्मलेला हा गायक-गीतकार किशोरवयातच पॅरिसला आला आणि तिथेच स्थायिक झाला. वारंवारच्या दुष्काळांमुळे या बेटांवरून पिढ्यान् पिढ्या माणसे बाहेर पडत राहिली. आज मायदेशी आहेत त्याहून अधिक केप व्हर्दियन परदेशात असल्याचे मानले जाते. साहजिकच त्यांच्या मोर्ना या संथ, बहुधा उदास सुरांच्या गानप्रकारात समुद्र, बोट आणि ताटातूट पुन्हा पुन्हा येतात.

शांत्र यांचा आवाज खालच्या पट्टीतला आणि अजिबात घाई नसलेला. गिटार खर्ज सांभाळते, कावाकिन्यो हे चार तारांचे छोटे वाद्य लय धरून ठेवते आणि शब्दांना ऐसपैस जागा मिळते. केप व्हर्देच्याच गायिका सेझारिया एव्होरा यांनी त्यांची गीते जगभर पोहोचवली. १९९५ च्या ‘अंडरग्राउंड’ चित्रपटातील एव्होरा यांनी गायलेल्या ‘औसेन्सिया’ या गाण्याला गोरान ब्रेगोविच यांचे संगीत असले, तरी शब्द शांत्र यांचेच. गाणाऱ्याचे नाव होते आणि लिहिणारा मागे राहतो, हा अनुभव आपल्या भावगीतांनाही नवा नाही.

केप व्हर्देसारखाच पोर्तुगीज अमलाखाली घडलेला गोव्याचा मांडो हा गीतप्रकार मला ऐकताना सारखा आठवत होता. दोघांचा थेट संबंध असल्याचा माझा दावा नाही. पण विरहाला इतक्या संथपणे आळवण्याची रीत दोन्हीकडे आहे. मोर्नाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले, मात्र मला त्याहून मोलाचे वाटते ते शांत्र यांनी पॅरिसमध्ये राहूनही केप व्हर्देच्या क्रिओल भाषेत लिहीत राहणे.