बॉल नसला की

रविवार, रात्रीचे 11

"सर, बॉल नसला की तुमचा स्विंग एक नंबर असतो."

गोल्फच्या मैदानावर माझी बॅग वाहणारा कॅडी एवढंच म्हणाला आणि बॅग खांद्याला लावून चालायला लागला. सकाळी सातची गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही.

स्लाइसचं, म्हणजे मारलेला बॉल उजवीकडे वळत जाण्याचं, मला नवं काही नाही. येरवड्याच्या कोर्सवर उजव्या अंगाला जेवढी झाडं आहेत, तेवढी मला ओळखतात. पण आज भावजींनी मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, सेकंदाला 240 फ्रेमचा. दिवसभर तोच बघतोय. जेवताना हिने फोन उचलून पालथा ठेवला. बोलली काहीच नाही. ते वेगळंच.

तर निदान असं: क्लब, म्हणजे मारायची काठी, खाली येताना हातांच्या आधी उजवा खांदा पुढे धावतो. मग क्लब बाहेरून आत येतो, त्याचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उजवीकडे उघडाच राहतो आणि बॉल कापला जातो. बॉल उजवीकडे जातो म्हणून मी 10 वर्षं डावीकडे तोंड करून उभा राहतोय. त्याने क्लब आणखीच बाहेरून येतो, बॉल आणखीच वळतो. म्हणजे औषधानेच दुखणं वाढवलं. सात नंबर आयर्न या क्लबने उखडलेली हिरवळ तरी बघायची! प्रत्येक खड्डा डावीकडे बोट दाखवतोय. पकडही ढिसाळच. वरून पाहताना डाव्या मुठीची 2 तरी हाडं दिसायला हवीत, मला जेमतेम एक दिसतं.

हे सगळं सुधारता येईल. पण बॉल नसताना यातलं काहीच का होत नाही? तोच खांदा, तीच पकड. समोर 46 ग्रॅमसुद्धा न भरणारी, जागची न हलणारी एक वस्तू, आणि माझं अंग चोरासारखं पळ काढतं.

माझं सगळ्यातच असं. तालीम फक्कड, पडदा वर गेला की ततपप. दादांच्या वेळी डॉक्टरांना काय काय विचारायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. आणि खोलीत गेल्यावर... असो.

मघाशी क्लब घेऊन गच्चीवर गेलो. बॉल न ठेवता 20 स्विंग मारले. 'सूंऽऽ' आवाज अगदी खाली, जिथे यायला हवा तिथेच. शेजारच्या गच्चीवरचे काका फोनवर बोलता बोलता थांबून बघत होते. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मोज्याचा गोळा करून ठेवला. म्हटलं, हा काही बॉल नाही, मोजा आहे.

खांद्याला ते कुठलं पटायला! मोजा उजवीकडे, पाण्याच्या टाकीमागे गेला. काका "अरेरे" म्हणाले.

आता अंधारात कुठे शोधणार. हिचा होता, सकाळी सांगावं लागेल.