किल्विष नाश्त्याला काय खातो?

रविवार, रात्री उशिरा

आज ताईकडे दिवसभर एकच विषय चालला, आणि तो ना लग्नाचा होता ना प्लॉटचा, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते. विषय होता शक्तिमान, आमच्या लहानपणीचा टीव्हीवरचा सुपरहिरो.

भाचा इंजिनीअरिंगला. मे महिन्यात त्याचे मित्रमैत्रिणी प्रतापनगरच्या या घरीच पडीक असतात, कारण ताईच्या हॉलमधल्या कूलरला तोड नाही. सकाळी मी पोचले तेव्हा टीव्हीवर शक्तिमानचा जुना भाग लावलेला. तो एक हात वर करून गरगर फिरत उडतोय, मागे ढग सरकताहेत, आणि त्याच्या अंगाभोवती कात्रीनं कापल्यासारखी कड दिसतेय. पोट्टे हसून हसून सोफ्यावरून घसरायला आलेले. भाऊजी आतून बनियनवरच बाहेर आले.

"काय दात काढून राहिले बे? हे पाहायला आम्ही क्रिकेट अर्धवट सोडून येत होतो."

"बाबा, पण हे काय उडणं आहे? ड्रिल मशीन वाटून राहिली."

इथून सुरुवात. मी पोह्यांचं पार्सल नेलं होतं. तर्रीची पिशवी गाठ मारून इतकी फुगवलेली असते की ती सोडवणं म्हणजे स्वतंत्र काम. मी कात्री शोधेपर्यंत हॉलमध्ये दोन पक्ष पडले होते: भाऊजी शक्तिमानकडून, पोट्टे 'डेअरडेव्हिल' या अमेरिकन सुपरहिरो मालिकेकडून.

भाऊजींचा बचाव ठरलेला. 1997 साली सुरू झालेली मालिका, दूरदर्शनवर, मुकेश खन्नांच्या स्वतःच्या भीष्म इंटरनॅशनल या संस्थेनं काढलेली. हॉलिवूडचा पैसा कुठून आणणार? निळ्या पडद्यापुढे माणूस उभा करून मागे आकाश चिकटवायचं, हेच तेव्हा आपल्या टीव्हीवर नवल होतं. एवढं करून ती 2005 पर्यंत चालली. सगळं खरं. पण पैशाच्या मुद्द्यावर मालिकेची बाजू घेतली की आपण अर्धी लढाई आधीच हरलेली असते, असं मला वाटतं. "गरीब होती बिचारी" हे काही कौतुक नव्हे.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला फार आवडला. शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना आणि त्याचा शत्रू तमराज किल्विष म्हणजे सुरेंद्र पाल. बी. आर. चोप्रांच्या महाभारतात हेच दोघं भीष्म आणि द्रोण. "तिथं दोघंही कौरवांकडून लढले," भाऊजी पोह्यावर कांदा घेत म्हणाले, "आणि इथं समोरासमोर आले. त्या दोघांचं भांडण पाहताना आमच्या डोक्यात आधीच अर्धं महाभारत चालू असायचं. तुमच्या त्या डेअरडेव्हिलमध्ये आहे का हे?" पोट्ट्यांपैकी कुणी महाभारत धड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हा बाण हवेतच गेला. वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. आवाजातलं ते वजन कुठून आलं ते मला आज कळलं. लहानपणी किल्विषची मला भीती वाटायची ती त्याच्या मुखवट्याची नाही, त्याच्या संथ बोलण्याची. अंधार कायम राहो म्हणणारा माणूस कधी घाईत नसे.

मग भाच्याची मैत्रीण बोलली. ही मुलगी कमी बोलते आणि नेमकं बोलते. तिनं विचारलं, "काका, किल्विष सकाळी नाश्त्याला काय खातो?"

"आँ?"

"म्हणजे तो अंधार पसरवतो ते ठीक आहे. पण बाकी वेळ काय करतो?"

"तर्री पोहे खातो," भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले. ती हसली नाही. तिनं सरळ डेअरडेव्हिलमधला खलनायक विल्सन फिस्क काढला.

डेअरडेव्हिल मी पाहिलेली आहे, पहिला सीझन तरी नीट, म्हणून ती काय म्हणते ते मला लगेच कळलं. 2015 ची मालिका, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला आंधळा मॅट मर्डॉक, दिवसा वकील आणि रात्री मुखवटा घालून मारामारी करणारा. त्याच्यासमोर हा फिस्क. एक भाग सुरू होतो तोच त्याच्या सकाळनं. उठतो, बाखचं संगीत लावतो, स्वतः ऑम्लेट करतो, कपाटातल्या कफलिंक्समधून एक जोडी निवडतो. एवढ्या धिप्पाड माणसाचं ते ऑम्लेट उलटणं किती जपून चाललेलं असतं! त्याच्या खोलीत एक नुसतं पांढरं चित्र टांगलेलं आहे, आणि त्या पांढऱ्या रंगाकडे तो का बघत बसतो ते त्याच्या लहानपणच्या घरातल्या भिंतीपर्यंत जाऊन पोचतं. तोवर आपण त्याला एका माणसाचं डोकं गाडीच्या दारात चेंगरताना पाहून झालेलं असतं. तरी त्या सकाळी त्याची कीव येते. यालाच मी चांगलं लिखाण म्हणते.

पोट्ट्यांना मात्र मालिका आवडते ती दुसऱ्या भागाच्या शेवटच्या बोळातल्या मारामारीसाठी. शॉट न तोडता घेतल्यासारखी, हिरो दमतोय, भिंतीला टेकतोय, परत उठतोय. ते मला मान्य. दमणारा हिरो पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट. शक्तिमान कधी दमला का? सात चक्रं जागृत झालेला, पंचमहाभूतांतून घडलेला माणूस, तो काय दमणार.

इथं मी तोंड उघडलं. म्हटलं, तुम्ही चुकीच्या माणसाकडे बघताय. त्या मालिकेत नाश्ता करणारा माणूस आहे, तो म्हणजे गंगाधर.

पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. हे नाव भाऊजींनी आणि मी एकदम, न अडखळता म्हटलं, आणि ताई किचनमधून ओरडली, "झालं यांचं सुरू!" पुढे आलेले दात, जाड चष्मा, चिरका आवाज, 'आज की आवाज' या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. भाचा म्हणाला, "मावशी, हा सरळ सरळ सुपरमॅनवरून उचलला ना? क्लार्क केंटही चष्मा लावून पेपरातच काम करतो." उचललाच. कोण नाही म्हणतं? पण क्लार्क केंट हा ओळखू येऊ नये म्हणून साधा झालेला माणूस आहे. गंगाधर साधा नाही, तो सोंग आहे. झाडीपट्टीच्या नाटकात कितीही रडारड चालू असो, विनोदी पात्र आलं की अख्खा मांडव सावरून बसतो, तसा तो यायचा. त्याला सगळे बावळट म्हणायचे आणि तो ते ऐकून घ्यायचा, हातात एवढी शक्ती असून. आम्ही पोरं उडण्याची वाट बघायचो हे खरं, पण शाळेत नक्कल कोणाची व्हायची? गंगाधरची. शक्तिमानची नक्कल करायला गोल फिरावं लागे आणि चक्कर येई. गंगाधरला नुसते दात पुढे काढले की काम झालं.

मुकेश खन्नांवर काही बोलायचं तर मी हेच बोलेन. शक्तिमान म्हणून ते छाती काढून उभे राहतात आणि उपदेश करतात. गंगाधर म्हणून ते अभिनय करतात.

उपदेशावरून मग वेगळाच खटका उडाला. भागाच्या शेवटी मुलांना शिकवण देणारा तुकडा यायचा, कुणीतरी पोर चूक कबूल करून 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं. पोट्ट्यांना तो असह्य. "ज्ञान पाजळून राहिले नुसते." मलाही तेव्हा तो कंटाळवाणाच वाटे, कारण आई नेमकी त्याच वेळी येऊन बसायची आणि मग दिवसभर प्रत्येक गोष्टीत शक्तिमान काय म्हणाला ते ऐकवायची. पण भाऊजींनी एक आठवण करून दिली. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावरचे प्रकार केल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत होत्या, त्यावर मोठा गदारोळ झाला होता, आणि मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना समजवावं लागलं होतं. म्हणजे बघणारी पोरं इतकी खरी मानून बघत होती. अशा प्रेक्षकापुढे हिरोनं दोन शब्द जपून वागा म्हणून सांगितले तर त्यात बिघडलं काय? एवढं म्हणूनही तो तुकडा कंटाळवाणाच होता, हे माझं मत मी बदललेलं नाही.

माझी खरी तक्रार गीता विश्वासबद्दल आहे, आणि ती आज पहिल्यांदाच मोठ्यानं बोलून दाखवली. पत्रकार बाई, नीटनेटकी, धीट. किटू गिडवानी होती तेव्हा डोळ्यांत एक खट्याळपणा होता, पुढे वैष्णवी महंत आली ती अधिक गोड. आम्हा मुलींच्या वर्गात यावरून रीतसर भांडणं झालेली आहेत. पण दोघींच्या बाबतीत एकच झालं. सुरुवातीला ती बातमीच्या मागे धावते, नंतर शक्तिमानच्या. तिची नोकरी पुसट होत जाते. तिचा स्वयंपाक, भाडं, वरिष्ठांशी खटके, काही म्हणजे काही माझ्या लक्षात राहिलेलं नाही, आणि गंगाधरचे दात मात्र पक्के लक्षात आहेत. नाश्त्याच्या परीक्षेत गीता नापास, आणि दोष तिचा नाही, लिहिणाऱ्यांचा.

"मग फॉगी?" भाच्याच्या मैत्रिणीनं विचारलं.

फॉगी नेल्सन, मॅटचा मित्र आणि भागीदार. पहिल्या सीझनमध्ये त्याला मॅटचं गुपित कळतं, आणि जवळजवळ अख्खा भाग ते दोघं घरात भांडतात. एक जखमी होऊन सोफ्यावर पडलेला, दुसरा चिडलेला आणि रडवेला, मधूनच कॉलेजचे दिवस. बोळातली मारामारी एका बाजूला आणि हे भांडण एका बाजूला ठेवलं तर मी भांडण घेईन. या गोष्टीवर ती आणि मी एका पक्षात गेलो आणि भाचा एकटा पडला. त्याला दुसऱ्या सीझनमधला पनिशर सगळ्यात भारी वाटतो. पनिशर चांगलाच आहे, पण त्याच सीझनमध्ये निन्जांची जी रटाळ फौज येते तिचं काय, असं विचारलं तर म्हणतो, "ते मी पळवून पाहतो."

2018 मध्ये नेटफ्लिक्सनं मालिका बंद केली आणि 2025 च्या मार्चमध्ये ती 'बॉर्न अगेन' नावानं दुसरीकडे परत आली, तर पहिल्याच भागात फॉगीला मारून टाकलं. यावरून संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून बसलो तरी वाद मिटेना. भाचा म्हणतो, त्याशिवाय मॅटनं मुखवटा उतरवलाच नसता, कथेला वेग येतो. मैत्रीण म्हणते, हिरोला दुःखी करायचं म्हणून दरवेळी जवळचंच माणूस का मारायचं? मी तिच्या बाजूनं. मॅटला शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा, बिलं कोण भरणार विचारणारा माणूसच गेला, तर उरतात दोन धिप्पाड माणसं, एक महापौर झालेला फिस्क आणि एक मुखवटा उतरवून बसलेला मॅट. दोघंही बघायला मजा येते, पण हॉटेलात बसून फालतू गप्पा मारायला त्यांच्यात आता कोणी नाही.

भाऊजींनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, तरी ठामपणे म्हणाले, "मित्राला मारायला नको होतं. गंगाधरला मारलं असतं तर आम्ही टीव्ही फोडला असता."

"बाबा, गंगाधर म्हणजेच शक्तिमान आहे."

"माहीत आहे मला. तरी."

भाच्यानं जाताना तिसरा सीझन बघायचं वचन घेतलंय. मी होकार दिला, पण निन्जा आले की मीही पळवणार.