जन्मजात वक्ता

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाही. कारण सांगितलं तर घरातले हसतील, म्हणून इथं लिहिते.

भाचीच्या सत्काराला हुतात्मा स्मृती मंदिरात गेलो होतो. गुणवंत विद्यार्थ्यांचा कार्यक्रम, म्हणजे विद्यार्थी मूठभर आणि आईवडील हॉलभर. पडदा सरकला आणि माइकपाशी तो, आमच्या टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे दर गुरुवारी जमून भाषण करायला शिकायच्या मंडळात, पूर्वी शिकलेला मुलगा. सूत्रसंचालन त्याच्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. अंगात जाकीट, हातात कार्डं, आणि कार्डांकडे न बघता बोलणं सुरू. आवाज खाली आणायचा कुठे, थांबायचं कुठे, सगळं चोख. मी इतकी खूश झाले की भाचीचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या.

मग प्रमुख पाहुणे उठले आणि पहिल्यांदा त्याच्यावरच बोलले. म्हणाले, अशी वाणी जन्मजात असावी लागते, शिकवून येत नाही. हॉलमध्ये टाळ्या. तो हात जोडून हसला.

एवढंच झालं. तेव्हापासून घशात काहीतरी अडकलंय.

जन्मजात! पहिल्या टेबल टॉपिक्सला, म्हणजे आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर बोलायला, हा उभा राहिला तेव्हा विषय होता ‘मला आवडणारा ऋतू’. एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, बोटांची पेरं पांढरी झालेली मला पहिल्या रांगेतून दिसत होती. तोंडातून शब्द नाही. खोलीत वेळ मोजणाऱ्या टाइमरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. शेवटी अण्णा म्हणाले, ‘उन्हाळा म्हण बे, सोलापुरात दुसरा ऋतू आहे कुठं?’ सगळे हसले, तोही हसला, ‘उन्हाळा’ म्हणाला आणि बसला. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि इंग्रजीची भीती, असा मुलगा. त्याचं आइसब्रेकर, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारं पहिलं भाषण, मला अजून आठवतं. घरातच माग, दिवसभर खडखडाट, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलणार. ‘मला हळू बोलता येत नाही, एक तर ओरडतो, नाही तर गप्प बसतो,’ असं त्याने सांगितलं होतं. त्याला मधला आवाज सापडावा म्हणून माईंनी किती गुरुवार घालवले. माईंचं नाव अजून सभासदांच्या यादीत आहे. काढायला हवं. बघू.

तर मग हात जोडून हसताना त्याला ती खुर्ची आठवली नसेल?

मला काय हवं होतं, हेही नीट कळत नाहीये. त्याने तिथं पाहुण्यांचं बोलणं खोडून काढायला हवं होतं का? ‘नाही साहेब, मी दर गुरुवारी शाळेच्या वर्गात बाकांवर बसून शिकलो’ असं? सूत्रसंचालकाने प्रमुख पाहुण्यांची चूक काढायची नसते, हे आम्हीच शिकवलेलं. तरी एक वाक्य चाललं असतं. आभाराच्या वेळी तरी. मंडप, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार, सगळ्यांचे आभार मानले त्याने. अल्पोपाहाराचेसुद्धा.

खरं सांगायचं तर दुखणं सप्टेंबरचं आहे. एक ऑक्टोबरला सभासदत्वाचं रिन्यूअल. सहा महिन्यांची वर्गणी, तीही डॉलरमध्ये ठरलेली, आणि मी व्हीपी मेंबरशिप, म्हणजे सभासद जमवायचं आणि टिकवायचं काम माझ्याकडे. क्लब चार्टर व्हायला, म्हणजे अधिकृत मान्यता मिळायला, वीस सभासद लागतात, तेवढे आम्ही कसे जमवले ते आमचं आम्हाला माहीत; दोघातिघांच्या वहिन्यासुद्धा उभ्या केल्या होत्या. नुसतं तग धरायलाही आठ जण पैसे भरलेले लागतात. आठाचा आकडा आता माझ्या स्वप्नात येतो.

जाणाऱ्यांची कारणं मला पाठ आहेत. इंजिनिअरिंगची मुलं प्लेसमेंटच्या तोंडावर येतात, मुलाखतीची तयारी होते, ऑफर लेटर आलं की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला. टॉवेलवाले काका परदेशी गिऱ्हाइकाशी बोलता यावं म्हणून आले. बोलता आलं, ऑर्डर मिळाली, आता वेळ नाही. आणि पाणी. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी नेमकं गुरुवारी संध्याकाळी आलं की जुळे सोलापूर भागातले अर्धे सभासद बादल्यांपाशी. याला इलाज नाही. जगातल्या कुठल्या व्हीपी मेंबरशिपला नळाच्या वेळापत्रकावर मीटिंग ठेवावी लागत असेल? पाहुणे म्हणून येणाऱ्यांचं तर वेगळंच. येतात, चहा घेतात, ‘फार छान उपक्रम आहे’ म्हणतात, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात. घरी काय विचारतात कोण जाणे.

त्यात एक गोष्ट मात्र माझ्या पक्की लक्षात आलीय. नुसता बघायला आलेला पाहुणा परत येत नाही. त्याच्या हातात हिरवं, पिवळं, लाल कार्ड दिलं, टाइमरशेजारी बसवलं, भाषणाच्या पाच मिनिटांना हिरवं, सहाला पिवळं, सातला लाल दाखव म्हटलं, की पुढच्या वेळी तो पाच मिनिटं आधी हजर. माणसाला काम लागतं. कौतुकानं कुणी टिकत नाही. (हे कमिटीला किती वेळा सांगितलं. त्यांना बॅनर छापायचंय.)

आता गंमत लिहिते, कारण मघाशी आठवून एकटीच हसले. पाहुणे ते जन्मजातचं बोलत होते तेव्हा माझा उजवा हात पदराखाली काय करत होता? बोटं मोडत होता. क्लबात बोलणाऱ्याचे अडखळणारे ‘अं’ मोजतो ना, तसे मोजत होते मी! सूत्रसंचालकाचे म्हणे एकही नाही, आणि पाहुण्यांचे ‘म्हणजे’ आणि ‘काय की’ मोजायला दोन्ही हातांची बोटं कमी पडली. लाल कार्ड उलटून कितीतरी वेळ झाला होता. माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी विचारलं, ‘कसला जप चाललाय?’

बाहेर चपला शोधताना तोच पुढे आला, वाकून नमस्कार केला. ‘मॅडम, कसं झालं?’

मला वाटलं होतं, मी काहीतरी टोचून बोलेन. शब्द तयार होते. तोंडातून निघालं ते असं: ‘सुरुवात उत्तम. पाहुण्यांचा परिचय लांबला, तिथं लोक मोबाइलमध्ये गेले. शेवट फार छान बांधलास.’ आधी चांगलं, मग सुधारणा, मग पुन्हा चांगलं. सवय. तो मान खाली घालून ऐकत होता, अगदी वर्गात ऐकायचा तसा. मग म्हणाला, ‘परिचय त्यांनीच लिहून दिला होता मॅडम, एक ओळ गाळायची नाही म्हणाले.’ आम्ही दोघंही हसलो. जन्मजातबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. मी म्हटलं, ‘गुरुवारी ये की, जनरल इव्हॅल्युएटर मिळत नाहीये.’ (म्हणजे सगळ्या मीटिंगचं मूल्यमापन करणारा.) तो म्हणाला, ‘बघतो मॅडम.’

बघतो! चहा पिऊन जाणारे पाहुणे म्हणतात तेच.

या सगळ्याचा मूळपुरुष, राल्फ स्मेडली, त्याचं मला मध्येच फार बरं वाटतं. वायएमसीएमध्ये नोकरीला होता. बदली होईल त्या गावात बोलण्याचा क्लब काढायचा, आणि हा गाव सोडून गेला की मागे क्लब गळपटायचा. एकदा नाही, गावोगाव तेच. शेवटी 1924 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात सँता आना इथे, वायएमसीएच्याच तळघरात, जो सुरू केला तो टिकला. म्हणजे खुद्द त्यालाही रिन्यूअल जमत नव्हतं. आणि बायकांना अधिकृत सभासदत्व 1973 मध्ये मिळालं, हेही आठवलं. मी त्याआधीच्या काळात असते तर ही डोकेदुखीच नसती.

तरी ते हात जोडून हसणं जात नाहीये डोळ्यांपुढून. त्याचं चुकलं असं आता वाटत नाही. चुकलं नाही तरी लागतंच की. माईंना बरं वाटलं असतं, एवढं मात्र खरं.

असो. गुरुवारच्या कागदावर टाइमर रिकामा, जनरल इव्हॅल्युएटर रिकामा. भाषेच्या चुका टिपणाऱ्या ग्रामेरियनपुढे अण्णांनी स्वतःचं नाव लिहिलंय, तेही शुद्धलेखन चुकवून. भाचीला टाइमर करावं, दोन महिने सुट्टीवर असल्यासारखीच वागतेय. आणि बँकेतल्या वहिनींना उद्या फोन करायचा. वर्गणीचं थेट काढायचं नाही, आधी मुलाच्या अ‍ॅडमिशनचं विचारायचं. दोननंतर करावा, जेवणाच्या सुट्टीत. त्याआधी त्या उचलत नाहीत.