दक्षिण तटाची नोंद: पैसे कुठे ठेवले, कसे काढले

नर्मदे हर मंडळी. नर्मदेच्या खंड परिक्रमेचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायच्या पायी प्रदक्षिणेचा, पहिला मोठा टप्पा झाला. ओंकारेश्वरहून नदी उजव्या हाताला ठेवून निघालो, बडवानी, शूलपाणीची झाडी, राजपिपळा करत हांसोटच्या पुढे कठपोरला थांबलो. परतताना अंकलेश्वरला गाडी धरली, म्हणजे मैय्या ओलांडायचा प्रश्नच आला नाही (परिक्रमेत ती मधेच ओलांडायची नसते). ही नोंद फक्त पैशांची.

या वाटेवर पैसे लागतात फार कमी. आश्रमात जेवण मिळतं, नाहीतर सदाव्रतात शिधा मिळतो आणि आपण शिजवायचं. खर्च होतो तो चहा, औषधं, मोबाइलचं रिचार्ज, दानपेटी आणि शेवटी घरी जायचं भाडं यावर. एक पैसाही न घेता चालणारे बाबाजी भेटतात. त्यांच्यापुढे हात जोडतो, पण माझी ती तयारी नाही. गुडघा सुजला तर गाडी करून दवाखाना गाठता आला पाहिजे, एवढ्यासाठी तरी जवळ रोकड हवी.

किती? मी अंगावर ३,००० रुपये ठेवले, त्याहून जास्त कधीच नाही. दोन हजार बंडीच्या चोरखिशात, सातशे सॅकच्या तळाशी औषधांच्या डबीत, बाकीचे सुटे वरच्या खिशात. बंडी मुद्दाम शिवून घेतली. शिंप्याला सांगितलं, खिसा आतून, डाव्या बरगडीवर, तोंडाला चेन आणि कापड दुहेरी. दुहेरी कशाला, ते पहिल्याच उन्हात कळतं. परिक्रमेत कपडे पांढरे, सुती आणि पातळ. घामाने अंगाला चिकटले की आतल्या पाचशेच्या नोटेचा रंग बाहेरून दिसतो. नोटा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळल्या होत्या. भारी वॉटरप्रूफ पाकिटापेक्षा हे बरं: वजन नाही, आणि कोणी बघितलं तरी हात लावणार नाही.

खरा धोका झोपेत नाही, आंघोळीच्या वेळी. रोज घाटावर कपडे उतरवायचे, सगळं काठावर ठेवायचं आणि पाण्यात उतरायचं. माणसं चांगली आहेत हो, पण कुत्री, गाई आणि वाहतं पाणी यांना नोटांचं काय पडलंय? आम्ही दोघे होतो तेव्हा आळीपाळीने उतरायचो. एकटा असलो की झिपची छोटी पिशवी गळ्यात: कार्ड, आधारची प्रत, दोन नोटा. फोन कोरड्या टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये, आणि सॅक घाटावर बसलेल्या एखाद्या मातारामजवळ. ‘माताराम, जरा लक्ष असू द्या’ म्हटलं की त्या सॅकवर हातच ठेवून बसतात.

सुट्या पैशांचं गणित वेगळं आहे. वाटेवरच्या टपरीवर पाचशेची नोट काढली की चहावाला कपाळाला हात लावतो. नोट मोडायची जागा म्हणजे पेट्रोल पंप किंवा मेडिकल. पण गंमत अशी की सुटे आपोआप हातात येतातही. गावातली माणसं परिक्रमावासी म्हणून नमस्कार करतात आणि दहा-वीसची दक्षिणा हातात ठेवतात. नाही म्हटलं तर वाईट वाटतं त्यांना. मी ते पैसे वेगळ्या पुडीत ठेवत गेलो आणि कन्यापूजनाला किंवा पुढच्या आश्रमाच्या पेटीत टाकत गेलो. स्वतःच्या खर्चात मिसळायचे नाहीत, एवढं एक पथ्य पाळलं.

बडवानीला एटीएममधून पैसे काढून घ्या. पुढे झाडी लागते. पूर्वी इथे परिक्रमावासींना लुटायचे, अंगावरचे कपडेसुद्धा जायचे. मामा (इथल्या भिल्लांना असंच म्हणतात) लुटतात ती मैय्याचीच परीक्षा, असं जुने लोक सांगतात. आता रस्ते झालेत, जागोजागी भोजनाची सोय आहे, आणि मला तर मामांनी घरात नेऊन भाकरी वाढली. लुटीपेक्षा आता अडचण नेटवर्कची. डोंगरात यूपीआय फिरत राहतं, फिरत राहतं आणि मग ‘पेंडिंग’. धडगाव तालुक्याचं गाव आहे, बँका आहेत, पण एटीएममध्ये त्या दिवशी रोकड असेलच याच्या भरवशावर निघू नका. मशिनने पैसे न देता खात्यातून वजा केले तर पावती जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

मध्य प्रदेशातल्या खेड्यांत एटीएमपेक्षा कियोस्क जास्त कामाचा. किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप आणि बोटाचं मशीन. बँकेचं नाव आणि आधार क्रमांक सांगायचा, अंगठा ठेवायचा, नोटा हातात. कार्ड नको, पिन नको. फक्त अंगठा जुळायला हवा. रोज काठी धरून आणि थंड पाण्याने बोटांना भेगा पडतात, मशीन ‘फेल’ म्हणतं. कियोस्कवाल्याने माझ्या बोटाला खोबरेल लावलं, पुसलं, अंगठा सोडून अनामिका ठेवायला सांगितली आणि जुळलं. प्रत्येक ‘फेल’नंतर खात्याचा एसएमएस बघूनच पुन्हा बोट ठेवा. आधारचं बायोमेट्रिक एरवी लॉक ठेवावं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून ते दहा मिनिटांपुरतं उघडता येतं, पण तेवढ्यासाठी नेट लागतं. म्हणून दुकानात शिरण्याआधी रेंज बघावी.

फोनबद्दल मात्र मी कडक झालोय. आश्रमात रात्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सगळ्यांचे चार्जर, फोन एकमेकांवर रचलेले, सकाळी अंधारात जो तो आपला उचलतो. चोरी सोडा, अदलाबदलही होते. फोन गेला की सिम गेलं, सिम गेलं की यूपीआय गेलं. नवं सिम घेतलं तरी २४ तास एसएमएस बंद, आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू झाल्यावर पहिले २४ तास ५,००० ची मर्यादा. म्हणजे दोन दिवस नोटांवरच काढायचे. चोरखिशातले दोन हजार आहेत ते त्यासाठी.

सिमला पिन लावला, तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम कंपनीचा वेगळा कोड, मागतो. प्रवासासाठी वेगळं खातं उघडलं आणि यूपीआय आणि डेबिट कार्ड फक्त त्यालाच जोडलं. घरून बायको त्यात थोडे थोडे टाकते. मोठं खातं या फोनवर नाहीच. कार्डावर ऑनलाइन आणि टॅप दोन्ही बंद. टॅपने ५,००० पर्यंत पिनशिवाय जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं. यूपीआय लाइटमध्येही, म्हणजे छोट्या रकमांच्या फोनमधल्या पाकिटात, पिन लागत नाही, म्हणून त्यात पाचशेच्या वर ठेवले नाहीत. नेट नसेल तर *९९# डायल करून यूपीआयचं काम होतं, फक्त साध्या कॉलची रेंज हवी. निघण्याआधी घरी एकदा करून बघा, पाठोपाठ एवढे आकडे दाबायचे की जंगलात पहिल्यांदा जमत नाही.

पुढचा टप्पा कठपोरहून, मैय्या समुद्राला मिळते तिथून, नावेने पलीकडे मिठीतलाई, मग उत्तर तट. नाव भरतीवर सुटते, भाड्याचे सुटे आदल्या रात्रीच काढून ठेवणार, कारण अंधारात नावेच्या रांगेत चोरखिशाची चेन उघडत बसायचं नाही. बंडीला उजवीकडे अजून एक खिसा शिवायला टाकलाय. महेश्वर, मंडलेश्वर, जबलपूरकडे पैसे मिळायची चिंता नाही. मला प्रश्न आहे तो डिंडोरी ते अमरकंटक या पट्ट्याचा. अलीकडे तिथून पायी गेलेल्या कोणी कियोस्क वापरला असेल, तर गावाचं नाव सांगा, आणि तो रविवारी उघडा असतो का तेही.